बिटकॉइनचं नेटवर्क केवढं आणि त्यातलं पुण्यात किती: एका मोजणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात बाणेरला एक छोटी कंपनी आहे, सहकारी पतसंस्थांना सॉफ्टवेअर देते. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या एका जुन्या ग्राहक पतसंस्थेने वेगळंच काम सांगितलं. संचालक मंडळाला क्रिप्टोबद्दल माहिती-अहवाल हवा होता, कारण तरुण सभासद ठेवी मोडून कुठेतरी पैसे टाकतायत असं शाखेतल्या लोकांना जाणवत होतं, आणि जुन्या संचालकांच्या डोक्यातून गेनबिटकॉइनची फसवी गुंतवणूक योजना अजून गेलेली नव्हती (२०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात गुन्हे दाखल केले, अटकाही झाल्या, इथल्या बऱ्याच घरांना झळ बसली). मागणी दोन ओळींची होती: बिटकॉइनचं नेटवर्क केवढं आहे ते एका आकड्यात सांगा, आणि महाराष्ट्रात, खास करून पुणे जिल्ह्यात, किती आहे ते नकाशावर दाखवा.

काम तिघांकडे आलं. टीम लीड, जिला सगळे ताई म्हणतात, आणि दोन ज्युनियर मुलं. मी आकडेमोड तपासायला होतो. ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी घडलं तसं लिहितोय, कारण "नेटवर्क किती मोठं" हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तर देताना नेमकं काय मोजलं हे फार कमी लोक सांगतात. मला ते मनापासून खटकतं.

अडचण नेमकी काय होती

पहिल्याच मीटिंगमध्ये कळलं की "नेटवर्क" म्हणून प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी गोष्ट आहे. संचालकांसाठी नेटवर्क म्हणजे माणसं, किती जणांनी पैसे घातले. एका ज्युनियरसाठी नेटवर्क म्हणजे नोड्स, म्हणजे पूर्ण सॉफ्टवेअर चालवून प्रत्येक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) स्वतः तपासणारी मशीन्स. दुसऱ्यासाठी मायनर्स, म्हणजे आकडेमोडीची शर्यत लावून नवे ब्लॉक बनवणारे. आणि हे तिन्ही आकडे एकमेकांवरून काढता येत नाहीत. एका एक्स्चेंजकडे लाखो ग्राहक असतात पण त्यांच्या वतीने नोड्स चारदोनच चालतात. उलट, कोथरूडमध्ये घरी नोड चालवणाऱ्याकडे एक पैशाचंही बिटकॉइन नसू शकतं. ॲड्रेस, म्हणजे बिटकॉइन ठेवायचे खातेक्रमांकासारखे पत्ते, मोजावेत तर एकाच माणसाचे शंभर ॲड्रेस असतात. मायनिंगचं तर अजून वेगळं, हजारो मशीन्सची शेड एका पूलच्या (एकत्र काम करणाऱ्या मायनर्सच्या गटाच्या) मागे असते आणि नेटवर्कवर ती शेड दिसतही नाही.

नोड्स घ्यायचे म्हटलं तरी त्यात दोन जाती. बाहेरून कनेक्शन घेणारे, ज्यांना रीचेबल म्हणतात, ते साधारण ८३३३ नंबरच्या पोर्टवर ऐकत बसलेले असतात. आणि राऊटरच्या मागे बसलेले, जे स्वतः बाहेर जोडतात पण त्यांच्यापर्यंत आपण पोचू शकत नाही. दुसरी जात संख्येने बरीच मोठी आहे याबद्दल मोजणी करणाऱ्या लोकांत फारसा वाद नाही, वाद किती मोठी यावर आहे. आपल्याकडे तर हे जास्तच, कारण मोबाईल नेट आणि बरंचसं ब्रॉडबँड एका सार्वजनिक आयपीमागे शेकडो ग्राहक बसवतं. घरात नोड चालू असला तरी बाहेरच्याला दार सापडतच नाही.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपं म्हणजे बिटनोड्ससारख्या सार्वजनिक मोजणीतून आकडा उचलायचा. २०२४ मध्ये तो पंधरा ते वीस हजार रीचेबल नोड्सच्या पट्ट्यात होता. एका दिवसात काम संपलं असतं. पण संचालकांनी "हे कसं काढलं" विचारलं तर टीमकडे उत्तर नव्हतं, आणि बँकिंगवाल्यांना ते विचारायची सवय असते.

दुसरा पर्याय, स्वतःचा क्रॉलर, म्हणजे एका नोडवरून दुसऱ्याकडे जात मोजणारा प्रोग्रॅम, लिहायचा. तिसरा, मायनिंगची ताकद म्हणजे हॅशरेट सांगायचा. हा पर्याय मला आवडतो कारण तिथे कोणाला काही विचारावं लागत नाही, डिफिकल्टी (ब्लॉक बनवणं किती अवघड ठेवलंय ते) आणि ब्लॉक्स किती वेगाने येतायत एवढ्यावरून निघतो. पण त्यातही गोम आहे. दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक म्हणजे दिवसाला सरासरी १४४, आणि ब्लॉक येणं हे नशिबावर, त्यामुळे दिवसागणिक १२ चा चढउतार अगदी सहज, म्हणजे आठ टक्के. काहीही न बदलता. एका दिवसाच्या हॅशरेटवरून "मायनर्स पळाले" अशा बातम्या येतात त्या बऱ्याचदा याच आठ टक्क्यांवर उभ्या असतात. आठवड्याचे १००८ ब्लॉक्स घेतले की हाच चढउतार तीन टक्क्यांवर येतो, मग काहीतरी बोलता येतं.

हॅशरेट ताकद सांगतो, संख्या सांगत नाही. २०२१ चं उदाहरण ताईने मीटिंगमध्ये मांडलं. मे-जूनमध्ये चीनने मायनिंगवर बडगा उगारला, हॅशरेट निम्म्याच्या आसपास खाली आला, ३ जुलैला डिफिकल्टी जवळपास २८ टक्क्यांनी उतरली, इतिहासातली सगळ्यात मोठी घसरण. त्याच काळात रीचेबल नोड्सच्या मोजणीत तसा निम्म्याचा खड्डा पडला नाही. म्हणजे एक मोजमाप कोसळलं आणि दुसरं जवळपास जागच्या जागी. "मग यातलं नेटवर्क कोणतं?" असं तिने विचारलं, आणि तिथून पुढे बोलणं रुळावर आलं.

चौथा पर्याय एक्स्चेंजच्या ग्राहकसंख्यांचा, तो लगेच सोडला. कंपन्या स्वतःच जाहीर करतात, एक माणूस तीन ॲपवर असतो, बंद पडलेली खाती पण धरलेली असतात.

काय केलं

ठरलं असं की क्रॉलर लिहायचा आणि सार्वजनिक आकड्याशी ताडून बघायचा. क्रॉलरचं काम तसं सरळ. सुरुवातीचे पत्ते डीएनएस सीडमधून (नव्याने येणाऱ्याला काही नोड्सचे पत्ते देणाऱ्या सर्व्हरकडून) घ्यायचे, एका नोडला जोडायचं, दोन्हीकडून व्हर्जनचे मेसेज झाले की "तुला माहीत असलेले पत्ते दे" म्हणायचं, तो जास्तीत जास्त १००० पत्ते देतो, मग त्या प्रत्येकाकडे जायचं आणि तेच विचारायचं. ऑफिसमधून हे चालवायचं नाही हे आधीच ठरवलं, एकदम हजारो कनेक्शन उघडली की साध्या राऊटरचं सेशन टेबल भरतं आणि सगळ्या मजल्याचं नेट बसतं. भाड्याचा सर्व्हर घेतला.

पहिला निर्णयाचा क्षण पहिल्याच रनला आला. ज्युनियर आनंदाने सांगत आला की लाखांच्या वर पत्ते सापडले, नेटवर्क सगळे सांगतात त्याच्या कितीतरी पट आहे. ताईने एकच विचारलं, "यातल्या कितींनी उत्तर दिलं?" उत्तर देणारे त्याचा अगदी छोटा भाग होते. नोड जे पत्ते देतो ते त्याने कुठूनतरी ऐकलेले असतात, त्यात आठवड्यांपूर्वी बंद पडलेले, घरच्या कनेक्शनचा आयपी बदलल्यामुळे जुने झालेले, आणि राऊटरमागचे असे सगळे असतात. शिवाय मुद्दाम टाकलेला कचरा असू शकतो. जुलै २०२१ मध्ये कोणीतरी नेटवर्कभर असे बनावट पत्ते पेरले होते, त्यानंतर बिटकॉइन कोअर या नोड चालवायच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या २२.० आवृत्तीत एका नोडकडून आलेले पत्ते सरासरी दहा सेकंदाला एक एवढ्याच वेगाने घ्यायची मर्यादा आली. तर नियम केला: ज्याच्याशी हस्तांदोलन, म्हणजे दोन्हीकडून व्हर्जनचे मेसेज, पूर्ण झालं तोच मोजायचा, ऐकीव पत्ता मोजायचा नाही. माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच.

दुसरा क्षण सभ्यतेचा होता. नोडकडे डिफॉल्टने एकूण १२५ कनेक्शनची जागा असते, त्यातल्या दहाएक तो स्वतः बाहेर जोडायला वापरतो, बाकी येणाऱ्यांसाठी. आपण नुसतं मोजायला तिथे जागा अडवून बसणं बरोबर नाही. ज्युनियरला वाटत होतं की कनेक्शन उघडं ठेवून पुन्हा पुन्हा विचारलं तर जास्त पत्ते मिळतील. पण २०२१ पासून नोड आपलं उत्तर जवळपास दिवसभर साठवून तेच परत देतो, आणि त्याच्याकडच्या यादीचा जास्तीत जास्त २३ टक्के भागच देतो, मुद्दाम, म्हणजे कोणाला नेटवर्कचा नकाशा सहज काढता येऊ नये. त्यामुळे विचारून लगेच कनेक्शन सोडायचं असं ठरलं, आणि आपल्या क्लायंटच्या नावात मोजणीचं काम आहे हे स्पष्ट लिहायचं, कोणाला नको असेल तर तो आपल्याला ब्लॉक करू शकेल. काहींनी केलंही.

तिसरा क्षण: न सापडलेले किती? एकाच फेरीत सगळे सापडत नाहीत. कोणाच्या जागा भरलेल्या, कोणी त्या तासाला बंद. इथे मी पकड-पुनर्पकड पद्धत सुचवली, ताडोब्यात वाघ मोजताना कॅमेरा ट्रॅपने जे करतात तेच. पहिल्या फेरीत दिसलेल्यांची ओळख ठेवायची, दुसऱ्या फेरीत किती ओळखीचे निघाले ते बघायचं. समजा पहिल्यात ९००, दुसऱ्यात १०००, आणि दोन्हीत असलेले ६००, तर अंदाज ९०० गुणिले १००० भागिले ६००, म्हणजे १५००. वाघाच्या अंगावरचे पट्टे मात्र बदलत नाहीत, इथे ओळख म्हणजे आयपी आणि घरच्या कनेक्शनचा आयपी बदलतो. बदलला की जुनाच नोड नवा वाटतो, कॉमन आकडा पडतो आणि अंदाज फुगतो. दोन फेऱ्यांत खूप अंतर ठेवलं तरी तेच. उलट काही नोड्स कायम चालू, कायम मोकळे, दोन्ही फेऱ्यांत हमखास सापडणारे, त्यामुळे कॉमन आकडा वाढतो आणि अंदाज खरा असेल त्यापेक्षा कमी येतो. दोन चुका एकमेकींना खातात असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण किती खातात ते माहीत नसतं. म्हणून फेऱ्या जवळ जवळ घेतल्या आणि आयपीव्ही४, आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांच्या जुन्या आणि नव्या पद्धती) आणि टॉर (आयपी लपवणारं जाळं) यांचा हिशोब वेगवेगळा केला.

वेगळा केल्यावर लगेच पुढची अडचण, एकच मशीन तिन्हीवर असू शकतं. मग तो एक नोड की तीन? काही खुणा जुळवून हे जोडता येतं असं एका ज्युनियरने सुचवलं. ताईने नाही म्हटलं. जो माणूस टॉरवर आहे त्याला आपला आयपी दिसायला नकोय, आणि आपल्या अहवालासाठी ते उघडं करायची काही गरज नाही. मला हा निर्णय फार योग्य वाटला. त्याऐवजी खालची मर्यादा आणि वरची मर्यादा असं दिलं: खालची म्हणजे सगळ्यात मोठा एकच गट धरून, वरची म्हणजे सगळे गट बेरीज करून. पट्टा रुंद झाला, पण प्रामाणिक.

नकाशाचा प्रश्न

इथे खरी रस्सीखेच झाली.

रीचेबल नोड्समधले निम्म्याहून जास्त टॉरवर असतात, म्हणजे त्यांना देशच नाही, नकाशावर टिंब कुठे देणार. उरलेल्यांचा आयपी घेऊन जिओलोकेशनच्या, म्हणजे आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या, डेटाबेसला विचारायचं. देशापर्यंत ते डेटाबेस बऱ्यापैकी बरोबर असतात, शहराला आले की घसरतात. अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या एका शेतघराची गोष्ट २०१६ मध्ये बाहेर आली होती, ज्या आयपींचं ठिकाण माहीत नाही त्यांना डेटाबेसने देशाच्या साधारण मधोमधचा बिंदू दिला होता, तो त्या शेतावर पडत होता, आणि कोट्यवधी आयपींचे आरोप घेऊन पोलीस आणि संतापलेले लोक त्या घरी येत होते. चुकीच्या टिंबाखाली खरी माणसं राहतात, एवढं यातून कळतं.

टीमने घरचंच तपासलं. कोथरूड, हडपसर, पिंपरी इथल्या आपापल्या घरच्या कनेक्शनचे आयपी डेटाबेसला विचारले. बरेचसे मुंबईत निघाले. म्हणजे पुण्यात कोणी नोड चालवत असेल आणि तो दिसत असेल तरी तो मुंबईत दिसणार. आणि मुंबईत जे दिसतायत त्यातले कितीतरी माणसांच्या घरचे नाहीतच, ॲमेझॉनचा क्लाऊड २०१६ पासून मुंबईत आहे, नोव्हेंबर २०२२ पासून हैदराबादलाही. अमेरिकेतल्या माणसानेही स्वस्त पडतं म्हणून मुंबईचा सर्व्हर घेतला तर तो भारताचा नोड. जर्मनीचा वाटा जगाच्या यादीत एवढा वर का, तर तिथले हेत्झनरसारखे स्वस्त होस्टिंगवाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिटकॉइनचे निम्म्याहून जास्त नोड्स डेटा सेंटरमध्ये आढळले होते. तर या नकाशात माणसं शोधायची म्हणजे, सर्व्हर भाड्याने कुठे मिळतात ते बघायचं आणि त्याला लोकसंख्या म्हणायचं.

मायनिंगच्या नकाशातही हेच. केंब्रिज विद्यापीठाच्या आकड्यांत बंदीनंतर जुलै २०२१ मध्ये चीनचा वाटा शून्य झाला आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा वीस टक्क्यांच्या वर दिसला. मशीन्स दोन महिन्यांत परत आली असं कोणी म्हणत नाही, लपून चालू होती आणि व्हीपीएनच्या आड होती असंच वाचलं गेलं. जर्मनी आणि आयर्लंडचे वाटे असेच फुगलेले असावेत असं केंब्रिजच्या टीमने स्वतःच सांगितलं होतं.

पतसंस्थेच्या अध्यक्षांना तरी नकाशा हवाच होता. "ताई, मंडळातल्या लोकांना टेबल कळत नाही, पुणे जिल्हा रंगवून द्या, खाली बारीक अक्षरात लिहा की अंदाज आहे." ज्युनियर मुलं तयार होती, रंगवायला एक तास. ताई म्हणाली, "साहेब, बारीक अक्षर कोणी वाचत नाही, रंग सगळे बघतात. उद्या कोणी म्हणेल आमच्या तालुक्यात शून्य आहे, मग चिंता नको. आणि तिथेच लोकांचे पैसे अडकलेले असतील." थोडा वेळ शांतता झाली. मग मी वाघांचे आकडे काढून दाखवले. २०२२ च्या गणनेत किमान ३,१६७, सरासरी अंदाज ३,६८२, वरची मर्यादा ३,९२५. सरकारही एकच आकडा देऊन थांबलं नाही, आणि त्यामुळे कोणी त्या गणनेला कमी लेखलं नाही. अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर आहेत, मर्यादा त्यांना लगेच समजली. नकाशा गेला.

निष्पत्ती

अहवालात शेवटी एक पान नेटवर्कचं. रीचेबल नोड्सचा पट्टा, मोजल्याच्या तारखा, सार्वजनिक आकड्याशी तो जुळतो का (जुळला, त्याच पट्ट्यात). टॉर वेगळी ओळ, ठिकाण माहीत नाही असं लिहून. देशांचे वाटे फक्त ठिकाण लागलेल्यांचे, आणि बाजूला डेटा सेंटर किती, घरची कनेक्शन किती. भारताचा वाटा अगदी किरकोळ, आणि त्याखाली ठळक वाक्य की हा आकडा भारतातल्या गुंतवणूकदारांबद्दल काहीच सांगत नाही. पुणे जिल्ह्याची ओळ नाही.

पण या सगळ्यातून जे खरं निघालं ते वेगळंच. नकाशाच्या वादात अध्यक्षांनीच म्हटलं की आम्हाला नोडबिड नकोय, आमच्या सभासदांपैकी किती जण यात आहेत एवढंच हवंय. ते सुरुवातीला कोणी विचारलंच नव्हतं. सभासदांच्या खात्यांतून कुठे पैसे गेले ते शोधायचा पर्याय निघाला होता, तो मंडळानेच नाकारला, सभासदाला न सांगता त्याचं खातं उलगडणं बरोबर नाही म्हणून. त्याऐवजी वार्षिक सर्वसाधारण सभेत, जी सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, बिननावाची चिठ्ठी ठेवायची ठरली: क्रिप्टोत पैसे आहेत का, ॲपवर आहेत की कोणा ओळखीच्याकडे दिलेत. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा, कारण फसवणूक ओळखीच्या माणसाच्या वाटेने येते. आणि सभासदांसाठी एक पानाचं पत्रक, त्यात नफ्यावर ३० टक्के कर १ एप्रिल २०२२ पासून, विकताना १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि ठरलेला परतावा देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. अध्यक्षांना हे पान नेटवर्कच्या पानापेक्षा जास्त आवडलं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्रश्न कोणाचा आहे ते पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. "आकडा मिळाल्यावर तुम्ही काय कराल?" एवढं एक वाक्य. क्रॉलरचं काम त्याने वाया गेलं असतं असं नाही, पण क्रम उलटा झाला असता, आधी चिठ्ठी, मग वेळ उरला तर नोड्स.

क्रॉलर एकाच सर्व्हरवरून चालवला ही दुसरी गोष्ट. ज्यांनी आपला तो आयपी ब्लॉक केला किंवा ज्यांच्यापर्यंत त्या होस्टिंगवरून रस्ता नीट नव्हता ते दोन्ही फेऱ्यांत सुटले, आणि पकड-पुनर्पकडमध्ये असे कायम सुटणारे अंदाजातही येत नाहीत. दोन वेगळ्या देशांतल्या दोन नेटवर्कवरून फेऱ्या घेतल्या असत्या तर हे थोडं भरून निघालं असतं. शनिवार-रविवार आणि कामाचे दिवस अशाही फेऱ्या वेगळ्या घ्यायला हव्या होत्या, घरची मशीन्स सुट्टीत जास्त चालू असतात की बंद, हे मला अजून जाणून घ्यायचंय.

राऊटरमागच्या नोड्सबद्दल अहवाल गप्प राहिला. वेळ कमी होता म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण एक मार्ग होता: स्वतःचे काही रीचेबल नोड्स दोनतीन महिने चालू ठेवायचे आणि आपणहून जोडायला येणाऱ्यांची नोंद घ्यायची, कारण लपलेला नोडही बाहेर दहाएक ठिकाणी जोडतोच आणि कधीतरी आपल्याकडे येतो. ब्लॉक्सची साखळी साठवायला ५०० जीबीच्या वर डिस्क लागते, प्रूनिंग केलं (तपासलेले जुने ब्लॉक पुसले) तर बऱ्याच कमीत भागतं, भाड्याच्या सर्व्हरवर परवडण्यासारखं आहे. त्यात एक अट मात्र मी घातली असती, आलेल्यांचे आयपी साठवायचे नाहीत, रोजचा फक्त गटवार आकडा ठेवायचा. टीमने क्रॉलरच्या याद्याही अहवाल दिल्यावर पुसून टाकल्या आणि फक्त बेरजा ठेवल्या, पुढच्या वर्षी परत मोजायचं ठरलं तर त्याच नियमांनी मोजता यावं म्हणून क्रॉलरचा कोड आणि "काय मोजलं, काय नाही" ते पान जपून ठेवलंय.